फॉर्म भरणाऱ्याले कोणी विचारते का?

जून-जुलै आला की आमच्या दारव्ह्याकडं पेरणी आणि फॉर्म एकाच वेळी चालू होतात. उत्पन्नाचा दाखला, नॉन क्रिमिलेयर, स्कॉलरशिप, पीक विमा, फार्मर आयडी, केवायसी. माझं गावातच ऑनलाइन सेंटर आहे म्हणून हे सगळं दिवसभर हाताखालून जाते, आणि दरवर्षी एकच गोष्ट मनात येते की हे रकाने ठरवतं कोण, आणि एकदा ठरले की ते परत कोणी तपासते का.

परवा शेजारच्या गावची एक काकू आली होती एका योजनेचा अर्ज भरायला. नवरा जाऊन कितीतरी वर्षं झाली, शेत तिच्या नावावर, सातबारा तिचा, फवारणीपासून कापूस विकण्यापर्यंत सगळं तीच पाहते. अर्जात पतीचा व्यवसाय, समोर लाल चांदणी, म्हणजे भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. "लागू नाही" टाकलं तर घेत नव्हतं. काकू म्हणे, "भाऊ, माणूसच नाही राह्यला तं त्याचा धंदा काय सांगू?" शेवटी यादीतून "इतर" निवडलं आणि पुढं गेलो, पण मला ते फार लागलं. ज्यानं तो रकाना बनवला त्याच्यापर्यंत काकूचं हे वाक्य पोहोचायची काही सोयच नाही.

आता हे का लिहितोय तर आमच्या गावातला एक पोरगा अमेरिकेला शिकायला गेला, त्याच्या विसाचा डीएस-१६० फॉर्म भरताना त्यात एक मजकूर दिसला. हा फॉर्म भरायला सरासरी किती मिनिटं लागतात, आणि हा अंदाज चुकला असं वाटत असेल किंवा त्रास कमी करायला काही सुचत असेल तर या पत्त्यावर कळवा. मी दोनदा वाचलं. मग शोधत बसलो तर कळलं की तिथं १९८० पासून पेपरवर्क रिडक्शन ॲक्ट नावाचा कायदाच आहे, १९९५ मध्ये तो नव्यानं केला. तिथल्या केंद्र सरकारच्या खात्याला १० किंवा जास्त लोकांकडून एकसारखी माहिती मागायची असली तर आधी ओएमबी म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या हाताखालच्या बजेट कार्यालयाची मंजुरी आणि त्या मंजुरीचा नंबर घ्यावा लागतो. तो नंबर जास्तीत जास्त ३ वर्षं चालतो. पुढं चालू ठेवायचा तर राजपत्रात नोटीस काढून ६० दिवस लोकांची मतं घ्यायची, मग मंजुरीला पाठवताना आणखी ३० दिवस. विचारतात काय, तर ही माहिती खरंच लागते का, वेळेचा अंदाज बरोबर आहे का, त्रास कमी कसा होईल. आणि फॉर्मवर चालू नंबर नसेल तर तो भरला नाही म्हणून कोणाला दंड करता येत नाही.

मला सगळ्यात पटलं ते वेळेचं. त्या मिनिटांत नुसतं लिहिणं नाही, कागदपत्रं शोधणं, गोळा करणं हे पण धरतात. आपल्याकडं २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे, चांगलाच कायदा आहे, दाखला किती दिवसांत द्यायचा हे ऑफिसात बोर्डावर लिहिलेलं असते. पण तो दाखला मागायच्या आधी माणसाचे किती दिवस गेले हे कुठंच लिहिलेलं नसते. तलाठी दुसऱ्या सज्जावर गेले म्हणून परत या, एसटी चुकली, झेरॉक्सवाल्याकडं लाइन नाही, निंदणाच्या दिवसात बाईची रोजी बुडली, हा सगळा त्या फॉर्मचाच खर्च आहे आणि तो मोजलाच पाहिजे.

आपल्याकडं लोकांना विचारायची पद्धत नाही असं नाही. नियमांचे मसुदे निघतात, हरकती सूचना मागवतात, केंद्रानं २०१४ मध्ये कायद्याचा मसुदा निदान ३० दिवस लोकांपुढं ठेवायचं धोरण पण केलं. वनहक्काचं बघा ना, २००८ च्या नियमांत दाव्याचे क आणि ख असे दोनच नमुने होते, २०१२ मध्ये सामूहिक वनसंपत्तीच्या हक्कासाठी वेगळा ग नमुना आला. म्हणजे फॉर्म बदलता येतो. फक्त रोजचे जे साधे अर्ज आहेत, ज्यांच्यावर गरीब माणसाचं सगळं अडून असते, त्यांना संपायची तारीखच नाही. निघाला की निघाला.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत मी हा विषय मांडणार आहे, सरपंचांशी बोलणं झालं. जे रकाने लोकांना नडतात त्यांची यादी ठरावासोबत तहसीलला आणि जिल्हा परिषदेला द्यायची, आणि दर तीन वर्षांनी प्रत्येक अर्ज ग्रामसभेत वाचून दाखवा अशी मागणी करायची. यादीत पहिला रकाना पतीच्या व्यवसायाचा आहे. तुमच्याकडं नडणारे असतील ते पण कळवा, फक्त अर्जाचं नाव आणि रकान्याचा नंबर दोन्ही लिहा, नाहीतर ऑफिसवाले म्हणतील कोणता ते सांगा.