सांगलीच्या उन्हाळ्यात गव्हाची बिअर: फेब्रुवारी ते मे

फेब्रुवारीत एका गव्हाच्या बिअरला मी वहीत १० पैकी ८ गुण दिले होते. आज ते ५ केले. या उन्हाळ्यात आम्ही चौघं जे शिकलो त्यातलं बरंचसं या ३ गुणांत आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

तो कॅन ऑक्टोबरात पुण्याहून आणलेला. आधी दिवसभर गाडीच्या डिकीत, मग फेब्रुवारीपर्यंत माझ्या वरच्या खोलीतल्या कपाटात. खोलीवर पत्रा आहे. कॅन उघडला आणि बेदाण्याचा वास आला. तासगावकडे शेडवर बेदाणा सुकत असताना जवळून गेलं की येतो ना, गोडसर, मधाळ, किंचित आंबूस, अगदी तोच. सांगलीच्या माणसाला हा वास घरचा. चौघंही खूश झालो. बनवणाऱ्याने काय कमाल केली आहे, असं मी वहीत लिहून ठेवलं.

मार्चअखेरीस त्याच बिअरचे ताजे कॅन मिळाले, चारही एकाच तारखेचे. त्यातला एक उघडला तर बेदाण्याचा मागमूस नाही. वर कुटलेले धने, संत्र्याची साल, मागून ओल्या कणकेसारखा मऊ वास. तिथे शंका आली. उरलेल्या तिनांपैकी दोन फ्रीजमध्ये ठेवले, एक कपाटात. कपाटात थर्मामीटर ठेवला होता. एप्रिलच्या दुपारी तो ३७-३८ अंश दाखवायचा. २५ दिवस कॅनना हात लावला नाही.

मग तीन पेल्यांची चाचणी घेतली. तीन पेले, दोनांत एकच बिअर, तिसऱ्यात दुसरी. वेगळा कोणता ते ओळखायचं. रंगावरून कळू नये म्हणून स्टीलचे पेले घेतले. ओतायचं काम माझ्या थोरल्या बहिणीने केलं. ती पीत नाही आणि चेहऱ्यावर काही दिसू देत नाही. प्रत्येकाला दोन फेऱ्या, म्हणजे एकूण ८ उत्तरं. त्यातली ६ बरोबर आली. नुसत्या अंदाजाने दोन-तीन बरोबर यायला हवीत. ८ पैकी ६ किंवा जास्त नशिबाने येण्याची शक्यता जेमतेम २ टक्के. वेगळा पेला ओळखणाऱ्या प्रत्येकाने कपाटातल्या बिअरबद्दल एकच शब्द वापरला: बेदाणा. एकजण पुढे म्हणाला, ‘आणि भिजलेला पुठ्ठा.’

म्हणजे ती कमाल बनवणाऱ्याची नव्हती, माझ्या पत्र्याची होती. कॅन भरताना थोडा ऑक्सिजन आत राहतोच, आणि उष्णतेने त्याचं काम झपाट्याने होतं. धन्याचा, सालीचा ताजेपणा आधी मावळतो, मग मधाळपणा येतो, मग पुठ्ठा. पुठ्ठ्याच्या वासामागे ट्रान्स-२-नोनेनाल नावाचं संयुग असतं. अगदी सूक्ष्म प्रमाणातही ते नाकाला कळतं.

पण बेदाण्याचा वास आला की बिअर बिघडली, असं मात्र नाही. बेल्जियमच्या डुबेल नावाच्या गडद बिअरमध्ये तो हवाच असतो. गडद कँडी साखर आणि माल्ट (मोड आणून सुकवलेलं धान्य) यांतून तो येतो. धने घातलेल्या फिकट गव्हाच्या बिअरमध्ये तो आला तर समजायचं की कॅन उन्हाळा भोगून आला आहे. आता वहीत वासाच्या रकान्याशेजारी कॅनवरची तारीख आणि ‘कुठे होता’ असे दोन रकाने वाढवले आहेत. पुण्याहून आणताना थर्मोकोलचा डबा आणि बर्फ. पाच तासांचा रस्ता आहे, पेठ नाक्यापर्यंत बर्फ टिकतो, पुढे सांगलीपर्यंत पाणीही गार असतं.

आता तुलना. या मोसमात मुख्यतः गव्हाच्याच दोन घराण्यांत रमलो. जर्मन हेफेवाइझनमध्ये निम्म्याहून अधिक गव्हाचं माल्ट असतं आणि मसाला काहीच नसतो. तरी पिकलेलं केळं आणि लवंग येते. दोन्ही यीस्टची देणगी. केळ्याचा वास आयसोअमाइल अ‍ॅसिटेटचा, लवंगेचा ४-व्हिनाइल ग्वायकॉलचा. बेल्जियन विट म्हणजे तिकडची फिकट गव्हाची बिअर. तिच्यात माल्ट न केलेला गहू, आणि धने व संत्र्याची साल खरोखर घातलेली. ही शैली संपल्यातच जमा होती. बेल्जियममधल्या हूगार्डन गावातली बिअरची शेवटची भट्टी १९५७ मध्ये बंद पडली. त्याच गावात दूध घालणाऱ्या पिएर सेलिसने १९६०च्या दशकात ती पुन्हा सुरू केली. आज सांगलीत बसून मी धन्याचा वास घेतो तो त्या माणसामुळे, हे मला दर वेळी आठवतं.

दोन्ही शेजारी ठेवल्या तेव्हा धने कुटून कोमट पाण्यात टाकले, आणि दोन लवंगा वेगळ्या वाटीत. नाक गोंधळलं की वाटीकडे जायचं. हे जरूर करून बघा, शब्द आपोआप सुचतात. हेफेवाइझन ओतताना शेवटचं बोटभर राखून बाटली हलक्या हाताने फिरवायची, तळाचं यीस्ट वर येतं. आधीचा नितळ अर्धा भाग आणि नंतरचा गढूळ, दोन्ही वेगळे चाखले. गढूळ भाग जास्त भरदार, केळं अधिक. मेच्या दुपारी माझं मत विटला, रात्री गच्चीवर हेफेवाइझनला.

गारव्याबद्दल. फ्रीजमधून ४ अंशांवर काढलेल्या बिअरला वासच नसतो. ७-८ अंशांवर दोन्ही बोलू लागतात. आमच्याकडे पंख्याखाली पेला वीसेक मिनिटांत १२ च्या वर जातो, म्हणून एका वेळी १०० मिलिलिटरच ओततो आणि बाकीची परत गार ठेवतो. सोबत भडंग नको. लसूण-मिरचीपुढे धने टिकत नाहीत. साधे चुरमुरे उत्तम.

उजेडाची गोष्टही घडली. एका दुकानाच्या काचेच्या कपाटात, उन्हाच्या बाजूला ठेवलेली हिरव्या बाटलीतली लागर घेतली. जळक्या रबरासारखा वास. हॉप्समधल्या, म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांमधल्या, कडू घटकांवर उजेड पडला की गंधकाचं संयुग बनतं. तपकिरी काच बरीच वाचवते, हिरवी थोडी, पारदर्शक जवळजवळ नाही, कॅन पूर्ण. खात्रीसाठी चांगल्या लागरचा एक पेला गच्चीत उन्हात १० मिनिटं ठेवला. तोच वास.

आयपीए, म्हणजे हॉप्स भरपूर असलेल्या कडवट बिअर, तीन झाल्या, त्यावर पावसाळ्यात लिहीन. कडवटपणा उन्हात मला नीट जोखता येत नाही. स्टाउट, म्हणजे काळी बिअर, एकच, नोंद दोन ओळींची.

चाचणीतून उरलेला फ्रीजमधला एक कॅन अजून तसाच आहे, वर तारखेची चिठ्ठी. तो ऑगस्टमध्ये उघडणार, ताज्या कॅनशेजारी, पुन्हा स्टीलच्या पेल्यांत. बहिणीला सांगून ठेवलं आहे. फेब्रुवारीच्या पानावरचा ८ खोडलेला नाही. त्याच्या बाजूला ५ लिहिला आहे आणि खाली ‘पत्रा’.