कुर्ल्याहून आणलेले चार कोई

पहिल्या खेपेला मी बारा कोई, म्हणजे रंगीत जपानी कार्प मासे, आणले आणि आठवड्याभरात त्यातले नऊ पेरूच्या झाडाखाली पुरले. पेरूला यंदा बहर चांगला आलाय, पण तो विषय वेगळा.

बदलापूरला आमच्या घरामागे आठ बाय पाच फुटांचा, साडेतीन फूट खोल हौद बांधून घेतला होता. पाणी जेमतेम चार हजार लिटर. गवंडी गेल्यावर तिसऱ्या दिवशी नळ सोडला आणि पाचव्या दिवशी जवळच्या एका दुकानातून बोटभर लांबीचे बारा मासे आणून सोडले. हौद नवा आहे का, हे दुकानदाराने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. नव्या सिमेंटातला चुना पाण्यात उतरतो, पीएच चढतो. त्यात नळाचं क्लोरीन. मासे वर येऊन तोंडं उघडझाप करायला लागले, तर मला वाटलं भुकेलेत. आणखी खाणं टाकलं! ते कुजलं, अमोनिया वाढला, आणि उरलंसुरलं काम त्याने केलं. वाचलेले तिघे एका मित्राच्या टाकीत पोहोचवले.

मग दीड महिना फक्त पाणी पाळलं. बायकोचा शब्द. हौद तीनदा भरून सोडला, दर वेळी आठवडाभर पाणी मुरू दिलं, पीएच आठाच्या आसपास आल्यावरच थांबलो. निळ्या ड्रममध्ये ब्रश आणि प्लास्टिकच्या जाळीदार चकत्या भरून फिल्टर केला, तासाला दोन हजार लिटर पाणी फिरवणारा पंप लावला. मित्राच्या फिल्टरमधला जुना, मळकट स्पंज आणून ड्रममध्ये टाकला. अमोनिया पचवणाऱ्या जिवाणूंचं ते विरजणच. त्यांना उपास नको म्हणून रोज चिमूटभर खाणं रिकाम्या हौदात टाकायचो, तेव्हा शेजारचे काका कुंपणावरून काय काय विचारायचे ते लिहीत नाही. अमोनिया आणि त्यापासून बनणारं विषारी नायट्राइट दोन्ही शून्यावर आल्यावर कर्जत लोकलने कुर्ला गाठलं.

तिथे एका चाचांकडे गेलो. काचेच्या टाकीत भडक लालपांढरा मासा दिसला, मी बोट दाखवलं. चाचा म्हणाले, "साइडसे मत देखो. तुम्हारे हौदमें साइड किधर है?" आणि त्यांनी तोच मासा निळ्या टबात काढला. वरून पाहिल्यावर पाठीचा कणा शेपटीपाशी किंचित वाकडा! काचेतून हे कळलंच नसतं. कोई वरून बघायचा मासा. जपानात निगाता भागातले भातशेतकरी खाण्यासाठी कार्प पाळायचे, त्यातून निघालेल्या रंगीत पिल्लांपासून एकोणिसाव्या शतकात हा सगळा पसारा सुरू झाला. तळ्याच्या काठावर उभं राहूनच त्यांनी ते निवडले. 1914 साली टोकियोच्या प्रदर्शनात ते मांडले गेले आणि मग बाकीच्या जपानला कळलं.

टबापाशी मी तासभर उकिडवा बसलो होतो. आधी अंग पाहायचं: खांद्याशी जाड, शेपटीकडे निमुळतं, दोन्ही बाजू सारख्या. पुढचे दोन्ही पर एकाच मापाचे. पोहणं सरळ. कोपऱ्यात एकटा उभा राहणारा किंवा तळाला अंग घासणारा दिसला, तर तो एकच नव्हे, त्या टाकीतलं काहीच घ्यायचं नाही. अंगावर बारीक दोऱ्यासारखं काही लोंबत असेल तर तो अँकर वर्म नावाचा परजीवी. रंग शेवटी. आणि रंगात आधी पांढरा! पिवळट झाक नको, दुधासारखा हवा. लाल ठिपक्याची कड कापल्यासारखी स्पष्ट हवी. लालपांढरा तो कोहाकू, त्यावर काळे डाग आले की सांके. सांकेच्या डोक्यावर काळं नसतं, शोवा या दुसऱ्या तिरंगी प्रकाराच्या असतं. पण चार इंचाच्या पिल्लाचे रंग म्हणजे तान्ह्या बाळाचं नाक. पुढे काय होईल सांगता येत नाही. जपानहून आलेल्यांचे भाव हजारांत होते, तिकडे मी वळलोच नाही.

दोन कोहाकू, एक सांके आणि एक सोनेरी ओगोन, असे चार घेतले. आणखी दोन घ्यायचा मोह झाला होता. पण एका वाढलेल्या कोईला हजार लिटर तरी लागतं आणि तो दोन फुटांचा होऊ शकतो, हे आता पक्कं ठाऊक होतं. पिशवीत एक भाग पाणी, दोन भाग ऑक्सिजन, वर रबर, सगळं थर्मोकोलच्या खोक्यात. लोकलमध्ये एका मावशींनी खोक्याकडे बघून विचारलं, "पापलेट काय भाव मिळालं?"

घरी आल्यावर थेट हौदात नाही. पाचशे लिटरच्या टाकीत दीड किलो खडे मीठ विरघळवून तीन आठवडे वेगळे ठेवले. पिशवी वीस मिनिटं तरंगवली, मासे हाताने काढले, पिशवीतलं पाणी झाडांना. दहाव्या दिवशी एका कोहाकूच्या परावर पांढरे दाणे दिसले, औषधाने गेले.

शेजारचे काका मालवणचे. हौदापाशी येऊन बराच वेळ बघत उभे राहिले, मग म्हणाले, "मिशा बघ त्याच्या. अरे, हा आपला सायप्रिनस. रंगवलेला." सायप्रिनस म्हणजे खायचा साधा कार्प. जात तीच, हे मान्य करावं लागलं. त्यांच्या चेहऱ्यावर कालवणाचा विचार स्पष्ट दिसत होता.

सांकेचे काळे डाग आता जवळपास गेलेत, नुसता कोहाकूच झालाय तो. विजेच्या तारेवर रोज सकाळी सातला एक खंड्या येऊन बसतो. जाळी लावलीय, पण एका कोपऱ्यात ती सैल पडते, आणि ते त्याला माझ्याआधी कळलंय.