सीलबंद, पण कमरेत तुटलेला

ताईंनी कापडी पिशवीतून चपलांचा खोका काढून टेबलावर ठेवला आणि आधी बजावलं, "भावाने सांगितलंय, काहीही फोडायचं नाही."

भाऊ न्यू जर्सीत. दादरची इमारत पुनर्विकासाला जाणार म्हणून माळा उपसला, त्यात हा खोका निघाला. आत अकरा सुटे जी. आय. जो, म्हणजे खेळण्यातले सैनिक, त्यांच्या मूठभर इवल्या बंदुका आणि कार्डावर अजून सीलबंद असलेला त्यांच्यातलाच एक, स्नेक आइज. फनस्कूलचा. ताईंनी मोबाइलवर काढलेल्या फोटोंवरून भावाने सीलबंद नगाचा सौदा तिकडच्याच एका संग्राहकाशी परस्पर ठरवून टाकला होता. मी अशी जुनी खेळणी दुरुस्त करतो; माझ्याकडे काम होतं ते सील खरं आहे का बघायचं आणि नीट बांधून द्यायचं.

पावणेचार इंचांचे हे सैनिक हॅसब्रो या खेळण्यांच्या कंपनीने अमेरिकेत 1982 साली आणले. कार्टून आलं पुढच्या वर्षी, आणि ते खेळणी खपवायलाच आलं होतं. आपल्याकडे एमआरएफने हॅसब्रोच्या साथीने 1987 साली फनस्कूल काढली, कारखाना गोव्यात. साचे हॅसब्रोचे, पण रंग पुष्कळदा इथले. त्यामुळे चेहरा ओळखीचा आणि कपडे भलत्याच रंगाचे, असे नग निघाले जे अमेरिकेतल्या दुकानात कधी लागलेच नाहीत. शिवाय तिकडे ही मालिका 1994 साली थांबली, इथे पुढे कित्येक वर्षं चालू राहिली. तिकडचे पन्नाशीचे लोक आज 'मेड इन इंडिया' शोधत फिरतात ते यामुळे. आपल्या पोरांनी हेच सैनिक वाळूत पुरले, लवंगीला बांधून उडवले, म्हणून इथे सीलबंद नग मिळणं कठीण. माझ्या मते पोरांचंच बरोबर होतं.

सील तपासायला घाई चालत नाही. प्लास्टिकचा फुगा कार्डावर उष्णतेने दाबून चिकटवलेला असतो, त्यामुळे कडेभोवती सारख्या रुंदीची दबलेली पट्टी हवी. टॉर्च कार्डाला जवळजवळ समांतर धरायची आणि ती पट्टी चारी बाजूंनी फिरवून बघायची. पट्टी कुठे तुटली असेल, फुग्याची कड जुन्या खुणेपासून केसभर सरकली असेल किंवा कागदाचे तंतू उभे राहिले असतील, तर कोणीतरी आत हात घातलेला आहे. मग नोटा तपासायचा जांभळा दिवा. बरेचसे गोंद त्याखाली निळसर चमकतात. शेवटी कार्डाची मागची बाजू, कारण काही महाभाग फुग्याला हातच लावत नाहीत, मागून ब्लेडने खिडकी कापतात. या कार्डाला एका कोपऱ्यात कसरीने खाल्लं होतं, मागे बुरशीचे तपकिरी ठिपके होते, पण सील निष्कलंक होतं.

मागची बाजू बघायला कार्ड आडवं केलं तेव्हा आत काहीतरी सरकलं. धड एकीकडे राहिलं, पाय खाली घसरले, आणि मधून कमरेचा तुकडा सुटा होऊन तिरका झाला.

फोटोत हे कळणं शक्य नव्हतं. स्नेक आइज नखशिखांत काळा. शिवाय कार्ड उभं धरलं की धड आपल्या वजनाने पायांवर येऊन बसतं आणि सैनिक अख्खा दिसतो.

या फिगरचा सगळा देह एका रबरी रिंगवर उभा असतो. दोन्ही पायांमध्ये टी आकाराचा धातूचा हूक असतो. रिंग त्या हुकात अडकवायची, कमरेच्या तुकड्यातून वर ओढायची आणि छातीच्या मागच्या अर्ध्या भागात स्क्रूसाठी जो खांब असतो त्यावर चढवायची. मग हात आणि डोकं खाचेत ठेवून छातीचा पुढचा भाग बसवायचा आणि पाठीतून एकच स्क्रू. कार्डावर असला तरी सैनिक आतून ताणलेलाच असतो, आणि ताणलेल्या रबराला हवेमुळे लवकर तडे जातात. म्हणजे खेळलेला आणि न खेळलेला, दोघांची रिंग साधारण एकाच वयात जाते. सीलबंद म्हणजे कोरं, असं मानणाऱ्यांना हे पटवताना माझा घसा कोरडा पडतो.

सुट्या अकरापैकी नऊ याच कारणाने लुळे होते. ते दुपारपर्यंत उभे केले. रिंग आतून 8 मिमी आणि जाडी दीड मिमीच्या आसपास. नागदेवी स्ट्रीटवर ऑइल सीलवाल्यांकडे शेकड्याने मिळते. जाड घेतली तर पाय ताठतात आणि मूल पाय पिळायला गेलं की जांघेचा प्लास्टिकचा दांडा मोडतो, तो मात्र जोडता येत नाही. सैल घेतली तर धड डुगडुगतं. स्क्रू परत लावताना आधी उलटा फिरवायचा. जुन्या आट्यात तो 'टक्' करून बसतो, मग सुलटा. ही एक सवय नसल्यामुळे फुकट गेलेले किती सैनिक माझ्याकडे येतात! नवा आटा पडतो, खांब चिरतो, पुढे स्क्रू नुसताच फिरत राहतो. आवळायचाही बेताने, नाहीतर खांदे जाम होतात. मुंबईतल्या मालात गंज ठरलेलाच. हूक लाल झालेला असेल तर बाहेर काढून बारीक पॉलिश पेपरने घासायचा, नाहीतर डाग प्लास्टिकमध्ये उतरतो. बंदूक हातात देण्यापूर्वी सैनिकाचा तळहात मिनिटभर गरम पाण्यात धरायचा. थंड प्लास्टिकमध्ये मूठ कोंबली की अंगठा गेलाच म्हणायचा. त्या अकरातल्या चौघांना अंगठे नव्हते.

संध्याकाळी भावाला व्हिडिओ कॉल लावला आणि कार्ड आडवं करून दाखवलं. थोडा वेळ तो काही बोललाच नाही.

"तुम्ही उघडून रिंग घालू शकता?"

"घालू शकतो. पण मग तो सीलबंद राहणार नाही."

"परत चिकटवता येईल ना? तुमच्यासारख्या माणसाने केलं तर कोणाला कळणार आहे?"

येतं चिकटवता, आणि माझ्या हातचं काम बहुतेकांना कळणारही नाही, हे मी खोटं कशाला नाकारू? पण तिकडे ए.एफ.ए. सारखे लोक पैसे घेऊन सील तपासतात, नगाला गुण देतात आणि अ‍ॅक्रिलिकच्या पेटीत बंद करतात. तिथे हे पकडलं गेलं की त्या विक्रेत्याकडून कोणी काही घेत नाही. मी नाही म्हटलं. दोन पर्याय दिले. फोडायचा, रिंग घालायची आणि सुटा, पूर्ण, उत्तम स्थितीतला म्हणून विकायचा. किंवा आहे तसा ठेवायचा आणि 'आतून कमरेत तुटलेला' असं लिहून, आडव्या कार्डाचा फोटो जोडून गिऱ्हाइकाला कळवायचं.

ताई सगळं ऐकत होत्या. "दोन रुपयांचं रबर घालायला एवढी चर्चा?" म्हणाल्या. त्यांना काय उत्तर द्यावं ते मला तेव्हाही सुचलं नाही. मोडकी वस्तू समोर असताना, हाताशी रिंग आणि स्क्रूड्रायव्हर असताना, ती तशीच ठेवण्याचे मी पैसे घेत होतो. या धंद्यात हे नवं नाही, पण इतकं उघडंनागडं क्वचितच समोर येतं.

भावाने दुसरा पर्याय घेतला. गिऱ्हाइकाने किंमत थोडीच पाडली, मला वाटलं होतं तेवढी नाही, आणि अट घातली की कोणीही उघडायचं नाही. बांधताना पंचाईत अशी की आतले तुकडे विमानभर एकमेकांवर घासणार आणि फुग्याच्या आत कापसाचा बोळाही घालता येणार नाही. शेवटी कार्ड कडक पेटीत ठेवलं, भोवती फोम भरला आणि खोक्यावर चारी बाजूंनी 'ही बाजू वर'चे बाण काढले, जे पोस्टात कोणी बघत नाही.

तीन आठवड्यांनी पोहोचल्याचा निरोप आला. गिऱ्हाइकाने भिंतीवर टांगलेल्या पेटीचा फोटो पाठवला होता. खाली लिहिलं होतं की काळजी नको, मी तो उभाच ठेवणार आहे, फट दिसत नाही.