बाग कराराने न देता स्वतः फवारली, तो हंगाम

आमची हापूसची बाग रत्नागिरी तालुक्यात, खाडीच्या वरच्या कातळावर. वर्षानुवर्षं ती कराराने जायची. फवारणी, राखण, काढणी सगळं करारदाराचं. आम्हाला ठरलेले पैसे आणि घरी खायला चार पेट्या. बाबांनी बाग माझ्या हाती दिली तेव्हा मी करार मोडला आणि फवारणीचा पंप स्वतःच्या ताब्यात घेतला.

दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं फवारणीचं वेळापत्रक सगळ्या बागायतदारांना पाठ असतं. पोपटी पालवीवर डेल्टामेथ्रीन हे कीटकनाशक, लिटरला 0.9 मिली. बोंगे, म्हणजे मोहोराचे कोंब, फुटताना लॅम्बडा सायहॅलोथ्रीन, 0.6 मिली. पुढे इमिडाक्लोप्रिड, 0.3 मिली, मग थायामेथोक्झाम. अडचण अशी की थंडी मागेपुढे झाली की मोहोर टप्प्याटप्प्याने येतो. एका कलमावर (कलमी झाडावर) पालवी, शेजारच्यावर बोंगे, बांधावरच्यावर मोहोर पुरा फुललेला. करारदार मात्र सगळी बाग एकदमच धुऊन काढायचा. मी कलमांना रंगीत फिती बांधल्या आणि ज्याची वेळ आली त्यालाच फवारलं. मजुरी वाढली, औषध वाचलं.

पहिली फवारणी पानांपुरती करून भागत नाही. मोहोर नसतो तेव्हा तुडतुडे, म्हणजे रस शोषणारे उडते बारीक किडे, खोडाच्या सालीतल्या भेगांत दबा धरून बसतात, म्हणून बुंध्यापासून शेंड्यापर्यंत झाड भिजवायचं. शेजारचे काका म्हणाले, "फांदी हलव नि गप उभा राहून ऐक." हलवली, तर पानांवर बारीक पाऊस पडावा तशी उडणाऱ्या तुडतुड्यांची तडतड. मोहोराच्या दांड्यावर बघितलं तर तांदळाच्या कणीएवढी पिल्लं एकमेकांना चिकटून रस शोषत होती आणि खालची पानं चिकट झाली होती. खार, म्हणजे तुडतुड्यांनी सोडलेला चिकट द्राव, पडायला लागली की त्यावर काळी बुरशी चढते, मोहोर करपतो. तेव्हा कितीही फवारा, गेलेला मोहोर परत येत नाही.

फुलकिड्यांनी जास्त छळलं. ते दिसतच नाहीत. मोहोराखाली पांढरा कागद धरून दांडा टिचकीने झटकायचा. कागदावर पिवळसर बारीक रेघा पळायला लागल्या की समजायचं. दुकानदाराचं म्हणणं, तीन औषधं एकत्र मारा, चिंता मिटेल. मला ते पटलं नाही. पुन्हा पुन्हा तेच ते औषध मारलं की कीड त्याला दाद देईनाशी होते आणि तिला खाणारे मित्रकीटक आधी मरतात. मी स्पिनोसॅड लिटरला 0.25 मिली घेतलं, तेही कागदावर किडे दिसले त्याच कलमांवर.

मोहोर उमललेला असताना मात्र पंपाला हात लावला नाही. आंब्याचं परागीभवन मुख्यतः माश्यांच्या जिवावर चालतं. दुपारी मोहोराखाली उभं राहिलं की त्यांची गुणगुण ऐकू येते. त्यांच्यावरच औषध उडवून फळं कशी धरतील?

फळमाशीचा विषय वेगळा, कारण ती फवारणीने आवरत नाही. मादी सालीखाली अंडी घालते, अळ्या गरात वाढतात आणि कोषावस्थेसाठी जमिनीत जातात. याच माशीपायी 2014 मध्ये युरोपने भारतीय हापूस बंद केला होता. मी नर माशीला ओढून घेणाऱ्या मिथाईल युजेनॉलचे सापळे टांगले आणि गळलेली फळं रोजच्या रोज उचलून खोल पुरली. अंड्याएवढी झालेली फळं 25 बाय 20 सेंटिमीटरच्या कागदी पिशव्यांत घातली, हात पोचला तिथवर. काम कंटाळवाणं, गडी कुरकुरले; पण पिशवीतल्या फळावर डाग नव्हता आणि पेटीला भावही बरा मिळाला.

हंगाम संपला तरी खोड पोखरणारा भिरूड राहतोच. बुंध्यापाशी ओला भुसा दिसला की भोकात तारेचा आकडा सरकवून अळी ओढून काढायची. बोटभर लांब, पांढरी, डोकं काळपट. मग औषधात भिजवलेला कापसाचा बोळा आत खुपसून वरून चिखलाने लिंपायचं. पावसाळ्यात सगळी कलमं अशी तपासली तेव्हा जुनी, न बुजवलेली भोकं कितीतरी सापडली. करारदाराने ती बुजवावीत तरी कशाला? मे संपला की त्याची बाग संपली.