एमच्या जागी वाय

रात्रीचे पाऊण वाजलेत, बाहेर पाऊस लागलाय. आमच्या लिनक्सचा कर्नल, म्हणजे गाभा, बांधून देणाऱ्यांना विनंती शेवटी पाठवली. मेनफ्रेमवरच्या (आयबीएमच्या मोठ्या संगणकावरच्या) लिनक्समध्ये वॉचडॉगचा, म्हणजे सिस्टम अडकली तर ओळखणाऱ्या राखणदाराचा, ड्रायव्हर वेगळं मॉड्यूल न ठेवता कर्नलमध्येच बांधून द्या, एवढंच मागितलंय. कॉन्फिगच्या त्या ओळीत शेवटी 'एम' (वेगळं मॉड्यूल) आहे, तिथे 'वाय' (कर्नलच्या आतच) हवाय. आर्किटेक्चरच्या रकान्यात एस390 लिहिलं, या मशीनचं जुनं नाव. मशीनचं नाव झेड होऊन किती वर्षं झाली, कर्नलमध्ये मात्र 1999 सालच्या पहिल्या पॅचपासून हेच नाव. मला ते आवडतं.

शिफ्टमधला धाकटा मुलगा म्हणाला, "ताई, आपल्यापुरतं आपणच लोड करून घेऊ ना!" घेतोच की. बूटच्या वेळी लोड करायच्या मॉड्यूलच्या यादीत एक ओळ टाकली की झालं. पण मागच्या महिन्यात जो गेस्ट (मेनफ्रेमवर चालणारं एक आभासी मशीन) अडकला, त्यात ती ओळ टाकायची राहून गेली होती. मी बीकेसीतून निघून कुर्ल्याच्या रिक्षासाठी रांगेत उभी होते, तिथून परत फिरले. झेड-व्हीएमच्या, म्हणजे हे गेस्ट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, कन्सोलवर गेस्ट लॉग-ऑन दिसत होता, आतून पार गप्प. हाताने आयपीएल (मेनफ्रेमच्या भाषेत बूट) करेपर्यंत बॅचची कामं तासभर खोळंबली.

वॉचडॉगचं काम साधं आहे. लिनक्सने ठरल्या वेळेत 'मी आहे' असं कळवत राहायचं. नाही कळवलं, तर झेड-व्हीएम आधी सांगून ठेवलेली आज्ञा चालवतं. आम्ही ती आयपीएलचीच ठेवतो. मुदत 15 सेकंदांपासून तासाभरापर्यंत देता येते. त्या गेस्टच्या सिस्टमडीत (लिनक्समधल्या सेवा सांभाळणाऱ्या प्रोग्राममध्ये) ती मुदत लावलेलीसुद्धा होती! ड्रायव्हरच लोड नाही, तर सिस्टमडी कळवणार कुणाला? हे लॉगमध्ये वाचताना पोटात तुटलं.

लिहायला तीन रात्री गेल्या. पहिल्या मसुद्यात नुसती चिडचिड होती, तो टाकून दिला. डीफॉल्ट बदलायचं म्हणजे अनोळखी लोकांच्या मशीनला हात लावायचा. ज्यांना वॉचडॉग नको, त्यांचाही कर्नल थोडा फुगणार, हे मी स्पष्ट लिहिलं. ड्रायव्हर आत असला तरी कुणी डिव्हाइस उघडेपर्यंत घड्याळ सुरू होत नाही, हेही लिहिलं. त्याआधी टेस्ट गेस्टवर 'वाय' करून कर्नल बांधला आणि डिव्हाइसला हात न लावता रात्रभर ठेवला. सकाळी अपटाइम पाहिला, एकदाही रीस्टार्ट नाही.

त्यांचं उत्तर येईल तेव्हा येईल. उद्या त्या मुलाला घेऊन एकेक गेस्ट उघडायचा आणि ती ओळ आहे का, बघायचं.