तुमच्या तासाला ग्रंथपाल मॅडम कशाला?

हा प्रश्न मला स्टाफरूममध्ये विचारला जातो, पेपर तपासणीला जमलो की विचारला जातो, आणि परवा तर एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी विचारला. वर्षाच्या सुरुवातीला ग्रंथालयाचे नियम सांगायला त्या एकदा येऊन जात असतील, असा बहुतेकांचा समज असतो. तसं नाही. माझ्या प्रकल्पाच्या तासांना त्या माझ्याबरोबर शिकवतात. तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर सांगतो.

मी कोल्हापुरातल्या एका कॉलेजात इतिहास शिकवतो. काही वर्षांपूर्वी मी दुसऱ्या वर्षाला प्रकल्पाचा विषय दिला, 'राजर्षी शाहू महाराजांचे सामाजिक कार्य'. फायली जमा झाल्या आणि पहिल्या पाच-सहा वाचल्यावर पुढच्या वाचायची गरजच उरली नाही. परिच्छेद तेच, त्यांचा क्रम तोच, शुद्धलेखनाच्या चुकाही त्याच. मी भयंकर चिडलो. ग्रंथालयात जाऊन मॅडमना म्हणालो, पोरांना वाचायलाच नको झालंय.

त्या शांतपणे म्हणाल्या, "सर, तुमची सगळी पोरं माझ्याकडं येऊन गेलीत. काउंटरवर प्रत्येकानं एकच विचारलं, 'मॅडम, शाहू महाराजांवरचं एखादं पुस्तक द्या की.' मी दिलं. तुमच्या प्रश्नाला एखादं पुस्तक पुरतंय, मग ती दुसरं कशाला शोधतील?"

हे मला लागलं, कारण ते खरं होतं. मी पोरांची पूर्ण झालेली फाईल बघतो. ती कुठं अडली, काय विचारत आली, काय न मिळाल्यामुळं परत गेली, हे सगळं मॅडम रोज काउंटरवरून बघतात. इतकी वर्षं ही माहिती माझ्या वर्गापासून एक जिना खाली होती आणि मी कधी विचारली नव्हती.

पुढच्या वर्षी विषय ठरवायलाच आम्ही दोघं बसलो. संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी जागा राखून ठेवणारा 26 जुलै 1902 चा महाराजांचा आदेश निवडला. कोल्हापुरात हा आदेश शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतो. 'पन्नास टक्के जागा' हे शब्द भाषणांत, फलकांवर, सगळीकडं असतात. आम्ही विचारलं एवढंच: आदेशाचा मूळ मजकूर शोधा, तो कुठं प्रसिद्ध झाला ते शोधा, आणि तुम्ही आजवर ऐकत आलात त्यापेक्षा त्यात वेगळं काय आहे ते लिहा. या प्रश्नाला एखादं पुस्तक पुरत नाही.

मग पहिला तास मॅडमनी घेतला. त्यांनी पोरांना 'आरक्षण' हा शब्द घालून शोधायला लावलं. आजच्या राजकारणाचा ढीग पडला. त्या म्हणाल्या, "तुमचा आजचा शब्द त्या काळच्या कागदाला ठाऊक असेलच असं नाही." इंग्रजी कागदांत 'बॅकवर्ड क्लासेस' आणि 'डिप्रेस्ड क्लासेस' शोधा, मराठीत कोल्हापूरबरोबर 'करवीर' घाला, एकच नाव दोन-तीन स्पेलिंगांनी टाकून बघा. मी वीस वर्षं इतिहास शिकवतोय, पण कागद शोधताना शब्दही त्याच काळातला लागतो, ही गोष्ट वर्गात कधी सांगितली नव्हती. मला ती सवयीनं येत होती. जे सवयीनं येतं ते शिकवायचं असतं हे लक्षातच येत नाही.

शिवाजी विद्यापीठाच्या शाहू संशोधन केंद्रानं छापलेले कागदपत्रांचे खंड पोरांनी पहिल्यांदा हातात घेतले. कागलहून एसटीनं ये-जा करणारी एक मुलगी तिसऱ्या आठवड्यात माझ्याकडं आली. "सर, ह्यात सगळ्या जागांच्या निम्म्या असं नाहीच ओ. ज्या जागा रिकाम्या होतील आणि भरायच्या असतील, त्यांतल्या पन्नास टक्के असं आहे." पुढं तिनं हेही दाखवलं की ज्या कचेरीत मागासलेल्या वर्गांचं प्रमाण निम्म्याहून कमी आहे, तिथली पुढची नेमणूक त्यांच्यातूनच करायची होती, आणि नेमणुकांचा तक्ता खातेप्रमुखांनी दर तीन महिन्यांनी पाठवायचा होता. त्या तक्त्यावर ती अडून बसली होती. नुसता हुकूम काढून महाराज थांबले नाहीत, तो पाळला जातो का हे बघायची सोयही त्यांनी करून ठेवली, असं तिनं स्वतःच्या वाक्यात लिहिलं. मला इतक्या वर्षांत फाईलमध्ये असं वाक्य मिळालं नव्हतं.

संशोधक विद्यार्थ्यांची गोष्ट मला जास्त टोचते. पीएचडीचा प्रबंध बांधायला टाकायच्या आठवडाभर आधी आपण विद्यार्थ्याला ग्रंथालयात पाठवतो, दुसऱ्यांच्या लेखनाशी किती साम्य आहे ते तपासून घ्यायला. युजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, 2018 च्या नियमांनुसार 10 टक्क्यांपर्यंत साम्य चालतं; 10 ते 40 च्या मध्ये गेलं की प्रबंध सुधारून आणावा लागतो. मग धावपळ सुरू होते. शब्द फिरवून टक्के खाली आणायचे. ग्रंथपालाला आपण शेवटच्या नाक्यावर उभं करतो, आणि वाट चुकलेली असते ती पहिल्याच वर्षी, टिपणं काढताना. कुणाचं वाक्य उतरवून घेतलं आणि स्वतःचं कुठलं, हे तेव्हाच वेगळं लिहायची सवय लावली तर पुढचं बरंचसं टळतं. ती सवय लावायला मार्गदर्शक आणि ग्रंथपाल दोघंही पहिल्या महिन्यातच एका टेबलाशी बसायला हवेत.

अडचणी आहेत. मॅडमनी घेतलेला तास वेळापत्रकात त्यांच्या नावावर लागत नाही. काउंटरला दुसरं माणूस नसेल तर तासाला येताना ग्रंथालय बंद ठेवावं लागतं. आणि काही सहकाऱ्यांना अजूनही ग्रंथपाल म्हणजे पुस्तकं देणारं-घेणारं माणूसच वाटतं. कॉलेजच्या ग्रंथपालालाही आपल्यासारखीच नेट-सेट या पात्रता परीक्षांची अट असते, हे मी त्यांना दर वेळी सांगतो. तरी 'मॅडम, एवढं पुस्तक काढून ठेवा' असा शिपायाकरवी निरोप जातोच. मला त्याचं वाईट वाटतं.

यंदा महापुरावर प्रकल्प द्यायचा विचार आहे. पंचगंगेची धोक्याची पातळी राजाराम बंधाऱ्यावर 43 फूट, हे इथल्या प्रत्येक घराला तोंडपाठ आहे. ग्रंथालयात 2005, 2019 आणि 2021 च्या पुरांच्या कात्रणांच्या फायली आहेत. मॅडमनी त्या काढून ठेवल्यात. प्रश्न अजून लिहिलेला नाही. सोमवारी दुपारी दोघं मिळून फायली चाळणार आहोत, मग लिहू.