आईचा अंबाडा आणि आठ सीटांची व्हॅन

गाडीच्या सीटचं हेडरेस्ट काढायला दोन बटणं दाबावी लागतात, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. एक समोरच दिसतं. दुसरं दुसऱ्या दांडीच्या मुळाशी, कापडाच्या घडीत लपलेलं होतं. मी ते चाचपून शोधलं, दोन्ही अंगठे दाबले, खट् झालं आणि उशी हातात आली. ती सीटखाली सरकवली आणि आईला म्हटलं, "झालं बघ. बस आता आरामात."

चार दिवसांच्या प्रवासातलं माझं हे पहिलं काम. सगळ्यात जास्त पस्तावलेलंही हेच.

आम्ही सात जण होतो. मी, दादा, वहिनी, त्यांची थोरली (वय १२) आणि धाकटा (वय ४), आई आणि मावशी. दोन गाड्या न्याव्यात म्हणजे भांडणंही वाटली जातील, असं वहिनी म्हणत होती, पण सगळ्यांना "एकत्र" जायचं होतं. म्हणून आठ सीटांची व्हॅन भाड्याने घेतली आणि चालवायची मी. गाडी ताब्यात द्यायला आलेला मुलगा घाईत होता. दहा मिनिटांत त्याने गियर, दिवे, वायपर, डिझेलचं झाकण दाखवलं आणि "बाकी सगळं पुस्तकात आहे" म्हणून ग्लोव्ह बॉक्सवर टिचकी मारली. ते पुस्तक चांगलं विटेएवढं जाड होतं. आम्ही सगळ्यांनी समंजसपणे माना हलवल्या आणि सह्या केल्या.

बाजूची सरकती दारं विजेवर चालणारी होती. हँडल जरासं ओढायचं आणि सोडून द्यायचं, दार आपलं आपण सरकतं. मावशीला हे मान्य नव्हतं. दार सरकायला लागलं की ती त्याला हाताने धरून "मदत" करायची. मग दाराला वाटायचं मधे कोणाचा तरी हात अडकलाय, आणि ते बिचारं थांबून उलटं जायचं. मावशी पुन्हा ओढायची. "हे दार माझ्याशी हट्टाने वागतंय," असं तिने शेवटी जाहीर केलं.

आई तिसऱ्या रांगेत बसली, कारण तिथून पोरांवर मागून नजर राहते. आणि तिथेच अंबाड्याचा प्रश्न आला. आईचा अंबाडा म्हणजे लहानसहान प्रकरण नाही. मला आठवतंय तेव्हापासून तो त्याच जागी, त्याच आकाराचा आहे. हेडरेस्ट खाली ठेवलं तर पाठीत टोचायचं, वर केलं तर अंबाड्याला टेकून डोकं पुढे ढकलायचं. "चार तास मान खाली घालून बसायला मी काय गुन्हा केलाय?" आई म्हणाली. मग मी वर सांगितलेला पराक्रम केला.

गंमत म्हणजे इतरांच्या बाबतीत मी भलतीच कडक होते. वहिनीने पुढे बसून डॅशबोर्डवर पाय ठेवले तर मी तिला एअरबॅग उघडली की गुडघे तोंडावर येतील असं घाबरवून पाय खाली घ्यायला लावले. दादाने धाकट्याची सीट आयसोफिक्सच्या, म्हणजे मुलांची सीट पक्की बसवायच्या, कड्यांना अडकवली, दोन्हीकडची खूण हिरवी झाली, आणि वरचा पट्टा त्याने मागच्या सामान बांधायच्या हुकात अडकवून टाकला. ते हुक त्यासाठी नसतात. नांगराचं चित्र असलेली खरी जागा सीटच्या पाठीमागे होती. ती वहिनीने शोधली, पण दादाला व्याख्यान मी दिलं.

पहिले दोन तास गाडी सारखी टिंग टिंग करत होती. पट्टे सगळ्यांनी लावलेले. तरी टिंग टिंग. शेवटी कळलं, की मावशीची पर्स रिकाम्या सीटवर ठेवली होती आणि ती इतकी जड होती, की गाडीला तिथे माणूस बसलंय असं वाटत होतं. दादा म्हणाला, "सोपंय. पट्टा रिकाम्या सीटवरच अडकवून टाक." इथवर ठीक. पण मग त्याला तीच युक्ती स्वतःसाठी सुचली. पट्टा पाठीमागून घ्यायचा, अडकवायचा आणि त्याच्यावर रेलून बसायचं. मी गाडी बाजूला घेतली आणि अख्खा इतिहास काढला. तीन ठिकाणी धरणारा हा पट्टा १९५९ साली व्होल्वोच्या निल्स बोलिन या इंजिनिअरने गाडीत आणला. त्याआधी हा माणूस साब कंपनीत विमानांच्या इजेक्शन सीटवर काम करायचा, म्हणजे वैमानिकाला विमानाबाहेर भिरकावणाऱ्या खुर्च्यांवर. आणि व्होल्वोने ते पेटंट इतर कंपन्यांनाही वापरू दिलं. "एवढं केलंय लोकांनी आणि तू त्याच्यावर पाठ टेकवतोस?" दादाने पट्टा नीट लावला, मुख्यतः मी गप्प बसावं म्हणून.

मागे आई बिनहेडरेस्टची बसली होती.

दुसरा दिवस छान गेला. तलाव होता, फोटो आहेत. जिथून म्हणे अप्रतिम दृश्य दिसतं तिथे मला फक्त माणसांच्या पाठी दिसल्या.

त्या दिवशी परतताना घाटात पाऊस लागला. अंधार पडलेला, आणि सात जण नुकतेच भिजून आत बसलेले. छत्र्या ओल्या, बूट ओले, जॅकेटं ओली. पंधरा मिनिटांत पुढची काच कडेने धुरकट व्हायला लागली. मी हाताने पुसली. ते करू नये, हे आता मला पक्कं माहीत आहे. हाताचा तेलकटपणा काचेवर राहतो आणि समोरून दिवे आले की तो फराटा पेटल्यासारखा दिसतो. वहिनीने रुमालाने पुसून बघितलं. एक खिडकीएवढी जागा स्वच्छ व्हायची आणि दहा सेकंदांत परत दूध सांडल्यासारखी.

मावशी मागून म्हणाली, "खिडकी उघडा."

"पाऊस आत येईल," दादा म्हणाला आणि त्याने पुढे वाकून एसी बंद केला. त्याचं तर्कशास्त्र असं, की बाहेर गारठा आहे, लोक कुडकुडतायत, एसी कशाला? हीटर पायांकडे लावला. आता गाडीत ऊब आली आणि काच पार गेली. मला समोरचं वळण नुसतं अंदाजाने दिसत होतं.

"अरे खिडकी उघडा रे," मावशी पुन्हा म्हणाली.

रस्ता जरा रुंद झाला तिथे मी गाडी कडेला घेतली, धोक्याचे चारही दिवे लावले आणि वहिनीला म्हटलं, काढ ते पुस्तक. अक्षरं मुंगीएवढी. माझा जवळचा चष्मा सामानात. मावशीने आपला चष्मा पुढे दिला, "आधी पूस, त्यालाही घाम फुटलाय." तो पुसून मी मोबाइलच्या उजेडात चित्रं शोधत बसले. पंख्यासारखी पसरट काच आणि तिच्यावर तीन वळवळणारे बाण, हे पुढच्या काचेचं. चौकोनी काच आणि तेच बाण, हे मागच्या. आणि एका गाडीच्या आत गोल फिरणारा बाण, हे आतलीच हवा फिरवत ठेवायचं. त्या तिसऱ्या बटणावरचा इवलासा नारिंगी दिवा पेटलेला होता. दुपारी एका ट्रकचा धूर नको म्हणून ते मीच दाबलं होतं आणि विसरले होते. म्हणजे इतका वेळ सात जणांचा श्वास आणि तीन छत्र्यांची वाफ गाडीतल्या गाडीत फिरत होती आणि बाहेरून गार झालेल्या काचेवर येऊन बसत होती.

मी बाणांची पसरट काच दाबली. पंखा एकदम गरजला. फिरत्या बाणाचा दिवा आपोआप विझला आणि एसीचा आपोआप लागला. दादा म्हणाला, "अगं एसी लागला!" तोच तर लागायला हवा होता. एसी नुसती हवा गार करत नाही, तिच्यातलं पाणीही काढून घेतो. तीच कोरडी झालेली हवा पुढे हीटरमधून तापवून घ्यायची आणि काचेवर सोडायची. दोन्ही एकाच वेळी चालतात, हे मला गाडी चालवायला लागून इतकी वर्षं झाली तरी ठाऊक नव्हतं. काचेच्या तळाशी वीतभर रुंद स्वच्छ पट्टी उमटली आणि हळूहळू वर चढत गेली. आधी वायपरच्या काड्या दिसल्या, मग रस्त्याची पांढरी रेघ, मग अख्खं वळण. सगळे गप्प बसून बघत होतो.

"खिडकी उघडली असती तरी झालं असतं," मावशी म्हणाली. आणि तेही खरंच होतं. ओली हवा बाहेर गेली असती.

मी निघाले. पुस्तक आता थोरलीच्या मांडीवर गेलं होतं आणि ती टॉर्च लावून मोठ्याने वाचत होती. टायरमधला हवेचा दाब. जॅकची जागा. मग म्हणाली, "सीटच्या पाठीपेक्षा उंच सामान रचू नये. जड सामान तळाशी, सीटच्या पाठीला टेकवून ठेवावं." मी म्हटलं हो हो. दोन पानं उलटली आणि, "हेडरेस्ट काढून गाडी चालवू नये. आत्या, आजीचं तर..."

"उद्या बघू," मी म्हटलं. घाट उतरत होते, दमले होते. ही कारणं नाहीत, नुसतं घडलं तसं सांगतेय.

उद्या मी बघितलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी तोच घाट, आता कोरडा. गियर दुसऱ्यात अडकवून, ब्रेक जपून वापरत उतरत होते. वळण संपलं आणि समोर रस्त्यात दगड. रात्रीच्या पावसाने वरून सुटलेला, चांगला गुडघ्याएवढा. मी ब्रेक गच्च दाबला. पायाखाली कोणीतरी हातोडीने ठोकतंय असा पेडल थडथडला, आणि काहीतरी मोडलं या भीतीने मी क्षणभर पाय उचलला. नेमकं तेच करायचं नसतं. ते थडथडणं म्हणजे एबीएसचं काम चालू असल्याची खूण. चाक जागच्या जागी अडकून घसरू नये म्हणून ते सेकंदाला कित्येक वेळा ब्रेक सोडून पुन्हा धरतं, म्हणून स्टिअरिंग हाती राहतं. बॉशने केलेली ही यंत्रणा १९७८ साली मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आली, म्हणजे मला शिकायला बराच वेळ मिळाला होता. मी पुन्हा दाबला, या वेळी धरून ठेवला, आणि गाडी थडथडत दगडाच्या दोन हात अलीकडे थांबली.

कोणी काही बोललं नाही. मग मागून आईचा आवाज आला, "अगं, हे काय पडलं?"

मी मागे वळून बघितलं. ब्रेक गाडीला लागतात, सामानाला नाही. तिच्या मागे छतापर्यंत रचलेल्या ढिगातली सगळ्यात वरची बॅग, तिची स्वतःचीच, दोन शाली आणि औषधांची, तिच्या मानेवर आपटून मांडीत आली होती. अंबाडा सुटला होता. आणि त्याच्या खालची दादाची कडक सूटकेस सीटच्या पाठीवर कलंडून अडकली होती, तिची दोन चाकं आईच्या खांद्याच्या पुढे आलेली. हेडरेस्ट असतं तर बॅग बहुधा त्याच्यावरच आपटली असती.

"काही नाही झालं गं, बॅगच तर पडली," आई मान चोळत म्हणाली.

पुढे एक मोकळी जागा लागली तिथे सगळं सामान रस्त्याकडेला काढलं. जड खाली, पाठीला टेकवून. वर जाळी. जाळी गाडीतच होती, कोपऱ्यातल्या कप्प्यात, प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेरही न काढलेली. हेडरेस्ट शोधायला वेळ लागला, कारण ते सीटखालून निसटून धाकट्याच्या सीटखाली जाऊन बसलं होतं. ब्रेकच्या वेळी तेही निघालं होतं आपल्या वाटेने. मी दांड्या भोकांत घातल्या आणि उशीचा वरचा काठ आईच्या डोक्याच्या उंचीला येईपर्यंत एकेक खट् वर चढवली. खरं तर हेडरेस्ट हे नावच फसवं आहे. ते डोकं टेकवायला नसतं, मागून धडक बसली तर मागे झेपावणारं डोकं अडवायला असतं, म्हणून ते डोक्याच्या जितकं जवळ तितकं बरं. थोरली शेजारी उभी राहून बघत होती. तिने पुस्तकाचं नाव काढलं नाही. काढलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

आईची मान त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी दुखत होती. ती म्हणाली उशी बदलली की होतंच असं. मुक्कामाच्या घरातल्या बाईंनी न मागता शेकायला गरम पाण्याची पिशवी आणून दिली. त्यांच्या त्या घराबद्दल खूप लिहिता येईल, पण मला त्या रात्रीची ती पिशवीच आठवते.

निघायच्या दिवशी सकाळी मी काचा पुसत होते, आतून, कोरड्या फडक्याने. मावशी आली, हँडल ओढून हात मागे घेतला आणि दार पूर्ण उघडेपर्यंत त्याच्याकडे संशयाने बघत उभी राहिली. तिच्या मागून आई आली. तिने केसांची वेणी घातली होती, खांद्यावरून पुढे घेतलेली. तिला मी कधी वेणीत बघितलेलं नाही, फक्त तिच्या लग्नाआधीच्या एका फोटोत. ती काही न बोलता मागे जाऊन बसली, पट्टा लावला, डोकं दोनदा मागे टेकवून बघितलं.

मी आरशातून बघत राहिले.

"मागे काय बघतेस," आई म्हणाली, "रस्त्याकडे बघ."